एका बाजूची शिवण

दार काही केल्या लागत नव्हतं.

ढकलून झालं, उचलून धरून झालं, गुडघा लावून झाला. उजवं दार वरच्या कोपऱ्यात अडायचं आणि खाली बोटभर फट दाखवायचं. डावं मात्र शहाण्या लेकरासारखं एका हातानं मिटत होतं. उद्या सकाळी चढाच्या शर्यतीआधी गाड्यांची तपासणी. दार न लागणाऱ्या गाडीला चढावर चाकसुद्धा ठेवू देत नाहीत. आणि ढमीच्या जन्मानंतर ढमीच्या आईची ही पहिलीच शर्यत.

"गाडीला गर्व झालाय. मान तिरकी करून बसलीय बघ," नवरा म्हणाला. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणं हा त्याचा धंदा. लोकांच्या गाड्या सरळ, घरची वाकडी.

"गर्व नाही, ताप चढलाय तिला. तूच चढवलायस."

खरंच होतं ते. जुन्या गाडीचं अंग वळणावर पिळवटायचं. कारखान्यात पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले असतात. त्या ठिपक्यांच्या मधोमध वेल्डिंगचे टाके घालत गेलं की अंग ताठ होतं. पण त्याचीही रीत असते. एक टाका इकडे, पुढचा पलीकडच्या बाजूला, मध्ये पत्र्याला निवू द्यायचं, आणि दारं जागेवर बंद ठेवायची. नाहीतर तापलेला पत्रा निवताना आखडतो आणि सगळी गाडी एकीकडे ओढतो. हे नवऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अडचण झोपेचीच होती. ढमीच्या.

तिचा पाळणा गॅरेजच्या डाव्या भिंतीपलीकडे. टाक्यांआधी पत्रा घासायला डावीकडे ग्राइंडर लावला की ढमी जागी. जागी झाली की तिला बापच हवा. आईनं घेतलं तर पाठीची कमान. म्हणून ती झोपली की हा चोरपावलांनी उजवीकडे. बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून दारंही काढून कोपऱ्यात ठेवलेली. "डावीकडचं उद्या करू" म्हणता म्हणता उजवी बाजू ओळीनं शिवून झाली, आणि परकराला एकाच बाजूनं चुण्या घालाव्यात तशी गाडी आवळली गेली.

"कापावं लागणार," तो म्हणाला. "बरेचसे टाके कापायचे, दारं जागेवर बसवून बंद करायची, मग दोन्हीकडून पुन्हा. दिवसभर ग्राइंडर चालेल."

दोघांनी डाव्या भिंतीकडे पाहिलं.

"आईंना घ्यायला सांगू या का तिला?"

"तू सांग."

"आई तुझी आहे."

"म्हणूनच!"

सासूबाई वरच्या मजल्यावर राहत. लेकुरवाळ्या सुनेनं शर्यतीत जाणं त्यांना खपणार नाही, असं या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि गाडी बाजारहाटासाठी दुरुस्त होतेय अशी थाप मारली होती. आता त्याच सासूबाई जिना उतरून आल्या आणि गाडीभोवती एक फेरी मारून उभ्या राहिल्या.

"बाजारहाटाला एवढी शिवण? पिशवीतून हत्ती आणणार आहात वाटतं."

नवऱ्याला एकदम हरवलेला पाना आठवला. तो गाडीखाली शिरला.

"आणि मागची सीट कुठाय? भाजी काय मांडीवर घ्यायची?"

"आई, शर्यत आहे उद्या," ती म्हणाली. आवाज नको तिथे चिरकला. "मला जायचंय. ढमीवर जीव आहे माझा. पण थोडा तिकडेही आहे."

"ते मला केव्हाच कळलंय. बाजाराला जाणारी बाई हेल्मेट घालून आरशात बघत नाही. माझा राग निराळाच आहे. धडधाकट आजी डोक्यावर राहतेय, आणि तुम्ही पोरीच्या झोपेपायी गाडीचं वाटोळं केलंत! नात माझ्या हातात देण्याआधी माझीही तपासणी करणार होतात की काय?"

"आई, तसं नाही..." गाडीखालून आवाज आला.

"तू पाना शोध."

त्यांनी पाळण्यातून ढमीला उचललं आणि वर नेलं. दोनदा रडणं ऐकू आलं, मग खिदळणं. इतक्या लवकर? ढमीच्या आईला जरासं लागलंच ते. पण तिनं ग्राइंडर उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

टाके सुटू लागले तशी गाडी मध्येच टण्ण करून सुस्कारे टाकू लागली. मग दारं जागेवर बसली, बंद झाली, आणि ती दोघं गाडीला प्रदक्षिणा घालत राहिली. "इकडचा झाला, तिकडे चल!" "अगं, हात भाजेल!" "मग निवू दे, फुंकर कसली मारतोस, दूध आहे का ते!"

सकाळी तपासनिसानं उजवं दार ओढलं. ते आलं, आलं, आणि केसभर अलीकडे थांबलं.

"हे काय, बाई?"

"दाराचं रबर नवं आहे, साहेब," नवरा पुटपुटला.

"असं लाजत लाजत नाही लागायचं ते," ढमीला कडेवर घेतलेल्या सासूबाई म्हणाल्या. "भांडून माहेरी निघालेली बाई लावते, तसं लावा."

"मला काय माहीत बाई कशी लावते!"

"लग्न झालंय ना? मग ऐकलं असेल."

तपासनिसानं दार धाडकन आपटलं. लागलं! त्यानं उघडून पुन्हा लावलं. रबर दबलं होतं, या खेपेला दोन बोटांनीच मिटलं. ओठ दाबत त्यानं काचेवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. ढमीनं मात्र भोकाड पसरलं.

"तू जा," सासूबाई म्हणाल्या. "मागे बघू नकोस. ही तुझ्यासाठी रडतेय की दाराच्या आवाजानं, ते आम्ही बघतो."

बघू नको म्हटल्यावर कोण बघत नाही? गाडीत बसल्यावर आरशात ढमीची इवलीशी मूठ आजीच्या हातात हलत होती, आणि शेजारी नवरा हातवारे करून विचारत होता, दार लागलंय ना नीट? तिनं मान डोलावली, नाक पुसलं आणि क्लच सोडला.