वरीलप्रमाणे

पद्माकरांनी एकशे चौदावं नाव खोडलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला पुन्हा तेच लिहिलं. गणपत साळवी. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण या यादीत मेलेल्यांनाही मताचा हक्क होता. अट एवढीच की त्या वर्षी ते जिवंत असायला हवे होते. साळवी तेव्हा चांगला ठणठणीत होता आणि सकाळी एकाला, संध्याकाळी दुसऱ्याला नमस्कार घालत होता. त्याला त्यांनी 'काठावर' या रकान्यात टाकलं.

मुलाच्या परदेशातल्या शहरात, बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, त्यांच्यासमोरचा दुधाचा चहा केव्हाच निवला होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचं पाकीट ठेवून नाश्ता आणायला गेलं होतं. इथे पाकीट ठेवलं की टेबल तुमचं, दुसरं कुणी बसत नाही. पद्माकरांना याचं रोज कौतुक वाटायचं आणि रोज थोडा रागही यायचा. एकवीस वर्षं पक्षात झिजलो, सतरंज्या उचलल्या, आणि आपली जागा काही कुणी राखली नाही.

नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा असा नियम आला, तेव्हाची ती गोष्ट. त्यांच्या तालुक्याच्या गावात पक्षाकडून दोघंच इच्छुक होते, पद्माकर आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र शामकांत. मुंबईहून पाकीट आलं, त्यातून शामकांतचं नाव निघालं. शामकांत निवडूनही आला. पद्माकरांनी पक्ष सोडला, मित्र सोडला, विषय मात्र सोडला नाही. आता चोवीस वर्षांनी शामकांतच्या पंचाहत्तरीची पत्रिका मोबाइलवर आली होती. खाली त्याने स्वतः लिहिलं होतं, 'दोन शब्द बोलशील का? जमेल का तुला?' त्याला आठ दिवस झाले, उत्तर गेलं नव्हतं.

डोक्यात किडा सोडला तो राजसने, तोही नकळत. त्यांचा हा मुलगा इथल्या एका कंपनीत निवडणुकांचे अंदाज बांधायचा. सध्या अमेरिकेतल्या एका पक्षात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता. एक गव्हर्नर बाई आणि एक सिनेटर यांच्यात कुणाला किती संधी, याच्या दोन रेघा राजसच्या लॅपटॉपवर रोज वरखाली व्हायच्या.

"म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, हे लोकच मतं देऊन ठरवतात?" पद्माकरांनी विचारलं होतं.

"हो बाबा. एकेका राज्यात. प्रायमरी म्हणतात त्याला."

"वरून पाकीट येत नाही?"

राजस हसला होता. पद्माकर हसले नव्हते. त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना. असं आपल्यात असतं तर? दुसऱ्या दिवशी त्यांनी तोआ पायोहच्या बाजारात जाऊन दोनशे पानी वही आणली आणि गावातले एकशे शहाऐंशी क्रियाशील सभासद आठवून आठवून लिहून काढले. तीन रकाने केले: आपला, त्याचा, काठावर. नात इरा वहीत डोकावून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, सो ओल्ड इलेक्शन, हू केअर्स लाह." त्यांनी पान उलटलं. त्यांचं ठरलं होतं. राजसच्या गणितात आपल्या संधीचा आकडा पन्नास टक्क्यांच्या वर आला तर पंचाहत्तरीला जायचं, आणि स्टेजवरून सगळ्यांसमोर सांगायचं की त्या वर्षी कार्यकर्त्यांना विचारलं असतं तर खुर्ची या माणसाची नव्हती.

"पंचाहत्तरीला?" त्यांच्या पत्नी सुचित्राबाई एवढंच म्हणाल्या होत्या.

यादी पुरी करून ते घरी आले तेव्हा राजस जेवणाच्या टेबलावरच काम मांडून बसला होता. अमेरिकेत रात्र म्हणजे इथे सकाळ. एका राज्याची मतमोजणी चालू होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुचित्राबाई कोथिंबीर निवडत होत्या. पद्माकरांनी वही राजसच्या कोपराशी ठेवली आणि बाल्कनीपर्यंत जाऊन परत आले. मग दारापर्यंत गेले. मग पुन्हा बाल्कनी.

"बाबा, बसा ना जरा. गव्हर्नर बाईंनी आमचं गणित पार उलटंपालटं केलंय. पहाटे तिला एकोणतीस टक्के दिले होते, आता बावन्न झाले."

"असं कसं झालं?"

"तिची माणसं महिनाभर दारोदार फिरत होती म्हणे. ते आमच्या आकड्यांत आलंच नाही."

"दारोदार फिरून काय होतंय," पद्माकर म्हणाले. "माझं कधी करतोस?"

राजसने घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं आणि वही ओढून घेतली. नावं भरायला त्याला अर्धा तास लागला. काठावरच्यांना त्याने निम्मी निम्मी शक्यता दिली.

"आता ही निवडणूक मी लॅपटॉपवर दहा हजार वेळा घेणार," तो म्हणाला. "त्यातल्या किती वेळा तुम्ही येता ते पाहायचं."

"एकदासुद्धा झाली नाही ती. दहा हजार वेळा घेतोस?"

राजसने बटण दाबलं. पद्माकर त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे राहिले. या वयात एवढी उत्सुकता शोभत नाही, असंही त्यांना वाटत होतं.

"एकाहत्तर टक्के."

पद्माकरांनी वाकून तो आकडा स्वतः वाचला. डोळे भरून आले. चोवीस वर्षं लोक त्यांना म्हणत आले होते, सोड रे, नशिबात नव्हतं. नशिबात होतं, शंभरात एकाहत्तर होतं.

"कागदावर काढून दे," ते म्हणाले. "रंगीत. मोठ्या अक्षरात."

"बघू ती वही," सुचित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. त्या काळी त्या पक्षाच्या महिला आघाडीच्या चिटणीस होत्या; यादीतली नावं त्यांना अनोळखी नव्हती. चार पानं झाल्यावर त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"या दोन रेघोट्या कसल्या?"

"वरीलप्रमाणे," पद्माकर म्हणाले. "वरती नवरा आहे. त्याचं जे मत, तेच तिचं. सारखं सारखं काय लिहायचं?"

"बायका किती आहेत यात?"

"अठ्ठावन्न."

"आणि सगळ्यांपुढे रेघोट्याच." सुचित्राबाईंनी राजसच्या पुढ्यातलं पेन उचललं. "ही नीलिमा भोसले. हिचा नवरा तुमच्यासाठी जीव टाकायचा, खरं आहे. ही नाही. शामकांतभावजी हिच्याकडे दोनदा येऊन गेले होते. नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारून, लिहून घेऊन गेले."

"पाण्याच्या वेळा विचारल्या म्हणून कुणी मत देतं का?"

"तिला त्याआधी कुणी काही विचारलंच नव्हतं." त्यांनी रेघोट्या खोडून 'काठावर'च्या रकान्यात नव्हे, 'त्याचा'च्या रकान्यात फुली मारली. "अरुणा, तीही तिकडे. नीता काठावर. ही तिकडे. ही तुमची, पण ती मनापासून नाही, माझ्याकडे बघून."

पेन पानापानांवरून फिरत राहिलं. त्या कुठे अडखळत नव्हत्या. पद्माकरांच्या लक्षात आलं की हे सगळं हिला आज आठवत नाहीये, हे हिला तेव्हापासून पाठ आहे.

"आमच्याकडेही हीच चूक होते, बाबा," राजस हलकेच म्हणाला. "आम्ही एका घराला एकच फोन करतो. उचलतो तो नवरा."

त्याने नवे आकडे भरले. या वेळी पद्माकर खुर्चीमागे गेले नाहीत.

"सव्वीस," राजस म्हणाला.

बाहेर इमारतीखालच्या तलावात कुणाची तरी मुलं पोहत होती, त्यांचा आवाज वर येत होता. पद्माकर बाल्कनीच्या दाराशी पाठमोरे उभे राहिले.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा तुम्ही जेवायला तरी घरी होतात का?"

"शामकांत सगळीकडे गेला होता?"

"सगळीकडे. आपल्याकडेही आले होते. तुम्ही मुंबईला गेला होतात, साहेबांना भेटायला. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसले. म्हणाले, वहिनी, मी उभा राहू, का पद्माकरला राहू द्यावं? तुम्हाला काय वाटतं?"

पद्माकर वळले. "मग? काय सांगितलंस?"

"चहा केला."

"चहा केला म्हणजे?"

"म्हणजे चहा केला. ज्यांना सांगायचं ते मुंबईला होते, आणि ज्यांनी विचारलं त्यांना सांगायचं नव्हतं."

त्यांनी वही राजसकडे सरकवली आणि कोथिंबिरीची जुडी पुन्हा पुढ्यात घेतली. राजस पानं मागे उलटत पहिल्या पानावर आला. पहिली ओळ, पद्माकर स्वतः. दुसरी ओळ, सुचित्रा, आणि पुढे दोन रेघोट्या. ही ओळ तेवढी कुणी खोडली नव्हती.

"बाबा, आईचं काय टाकू? आहे तसंच ठेवू?"

लॅपटॉपवर अमेरिकेतला नवा आकडा आल्याची खूण वाजली. राजसने तिकडे पाहिलं नाही. पद्माकर टेबलाशी आले, त्यांनी घरी आल्यापासून पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि सुचित्राबाईंच्या समोर बसले.

"थांब," ते राजसला म्हणाले. "मला विचारू दे."

आणि कसं विचारावं, ते त्यांना काही केल्या सुचेना.