मधलं शटल

धुलाईच्या दुकानात दोघी जावा चादरींच्या घड्या घालू लागल्या की गिऱ्हाईक आपलं काम विसरून बघत राही. चादरीची दोन टोकं थोरलीकडे, दोन धाकटीकडे. झटका, ताण, चार पावलं पुढे, हाताला हात लागला की एकीनं सोडायचं, दुसरीनं धरायचं. तोंडातून शब्द नाही आणि चादरीला सुरकुती नाही.

त्याच दोघी संध्याकाळी जुन्या शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटनला उतरल्या की मात्र बघणाऱ्याला हसू आवरत नसे. थोरलीनं पन्नाशी ओलांडल्यावर रॅकेट धरली होती, तीही गुडघे आखडू नयेत म्हणून. पुढे तिला त्याचं वेडच लागलं. धाकटी पायानं चपळ, मनगटानं तिखट. एकेकटी कुणाला हार जायची नाही. पण जोडीनं उभ्या राहिल्या आणि शटल दोघींच्या मधोमध आलं, की धाकटी थबकायची. मोठ्या जावेच्या पुढ्यातलं कसं घ्यायचं? आणि थोरलीला वाटायचं, पोरीला मिळू दे. दोघी एकमेकींकडे प्रेमानं बघत राहायच्या आणि शटल टप्पकन खाली पडायचं.

हॉलची व्यवस्था एक निवृत्त पोस्टमास्तर बघत. ते म्हणत, "तुमच्या दोघींच्या मधून ट्रक जाईल, वर हॉर्नसुद्धा वाजवावा लागणार नाही." पण त्या वर्षी ते नुसती थट्टा करून थांबले नाहीत. वार्षिक सामन्यांत पुन्हा पहिल्याच फेरीत हरलात, तर धाकटीला हॉलवर येणाऱ्या एका चष्मेवाल्या मुलीबरोबर खेळवणार, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. थोरलीला कुणाबरोबर, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. त्या वयाच्या बाईला जोडीला घेणार कोण? बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या, एवढंच उरलं असतं.

त्या रात्री थोरलीला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात चादर हातात असताना ती मध्येच थांबली. धाकटीनं तिच्या हातातली टोकं न विचारता ओढून घेतली होती, रोजच्यासारखी. तिथे कुठे आडवं येत होतं थोरलेपण? टोकं कुणी घ्यायची, हे वयावर नव्हतंच. जिच्या बाजूला घडी पडेल, तिनं घ्यायची.

संध्याकाळी तिनं पोस्टमास्तरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, दोघीही उजव्या हाताच्या, तेव्हा शेजारी शेजारी उभ्या असताना जी डावीकडे असेल, तिचा उजवा हात मध्ये येतो. मधलं तिचं. आणि घेताना ओरडायचं, म्हणजे दुसरी बाजूला होते.

नियम सोपा होता, ओरडणं अवघड. धाकटी पुटपुटायची, ते शटललाही ऐकू जात नसे. शेवटी थोरली म्हणाली, "अगं, माझं मोठेपण दारात चपलांशेजारी ठेवून आत येत जा."

"आणि घरी जाताना?"

"ते माझं मी उचलून घेईन. तू नको काळजी करू."

मग दुकानातही सराव सुरू झाला. चादर धरताना धाकटीनं मोठ्यानं "माझं" म्हणायचं. इस्त्रीवाला गालात हसायचा.

सामन्याच्या दिवशी समोर दोघी शिक्षिका होत्या, गेल्या वर्षी यांना हरवलेल्या. त्यांना हे दुखणं ठाऊक होतं. सगळं मधोमधच मारत होत्या. धाकटी सुरुवातीला पुटपुटली, दोन-चार गुण गेले. मग आवाज थोडा मोकळा झाला. डावीकडे थोरली असली की तीही खणखणीत "माझं" म्हणून पुढे सरसावायची. होता होता दोन्ही बाजू बरोबरीला आल्या आणि एकच गुण उरला.

शटल उंच उडालं आणि नेमकं मध्ये उतरू लागलं. डावीकडे धाकटी होती. पण थोरलीचा हात सवयीनं वर गेला.

"ताई, बाजूला व्हा!"

सासरी आल्यापासून त्या पोरीनं थोरलीसमोर कधी आवाज चढवला नव्हता. थोरली मान खाली घालून मुकाट बाजूला झाली. डोक्यावरून वारा गेल्यासारखं वाटलं, आणि पाहते तर शटल शिक्षिकांच्या पायाशी पडलेलं.

धाकटीनं जीभ चावली. "ताई, मी तुमच्यावर…"

"पुन्हा असंच ओरडायचं," थोरली म्हणाली. धाप लागली होती तिला, पण हसू काही मावत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत त्या हरल्या, पण मध्ये शटल पडू न देता. पोस्टमास्तरांनी जोडी फोडायचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक गाठोडं काउंटरवर ठेवतंय न ठेवतंय, तोच थोरलीनं धाकटीकडे बोट दाखवलं आणि आपली मुलगी वर्गात पहिली आल्याच्या थाटात सांगितलं, "काल ही सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली बरं का."