नाव सांगा, अय्यर!

थोडं थांबा, पेला मग उचला. बोलतोय तो मी आहे. कल्याणरामन अय्यरांच्या कॉफी क्लबातला पितळी फिल्टर. दोन मजल्यांचं माझं अंग. वरच्या मजल्यात पूड आणि उकळतं पाणी, खालच्यात थेंबाथेंबानं जमणारा काळा अर्क. आयुष्यभर मी गल्ल्याशेजारी बसलो, आणि गल्ल्याशेजारी बसणाऱ्याला गावात काय चाललंय ते विचारत फिरावं लागत नाही.

माझा जन्म नाचियारकोविलच्या कासारआळीतला. ठोकून, झाळून, चिंचेनं घासून मला उभं केलं, तेव्हा कासाराच्या म्हाताऱ्या आईनं माझ्यात पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. "हा पोटातलं पोटात ठेवणारा निघाला," ती म्हणाली. मग बैलगाडीतून, गवतात गुंडाळून, मी कावेरीकाठच्या या गावी आलो.

आमची गल्ली देवळाच्या तळ्याला लागून. डाव्या भिंतीपलीकडे मस्तान रावुत्तरांचं कॉफी भाजायचं दुकान. त्यांचा लोखंडी पिंप पहाटेपासून गरगरायचा, आणि पूड आमच्याकडे यायची ती हाताला ऊन लागेल अशी. मागच्या बोळात पच्चैअम्माचा गोठा. तिच्या चार गाई. दुधाची चरवी ती मागच्या दारानं आणायची, आणि जाताना तांदळाचं धुवण, भाजीची देठं, केळीच्या उष्ट्या पानांचा भारा घेऊन जायची. दुपारी रावुत्तरांचा दहीभाताचा डबा भिंतीवरूनच पलीकडे जायचा.

करार असा कधी झाला नाही. कोण कोणाचं देणं लागतं, हे विचारायची वेळच आली नव्हती. रावुत्तर म्हणायचे, "अय्यर, तुमचं हॉटेल बंद पडलं तर मी उपाशी मरेन." अय्यर म्हणायचे, "भाई, तुमचा पिंप बंद पडला तर माझी गिऱ्हाइकं मला मारतील." आणि दोघं हसायचे. पच्चैअम्मा हसायची नाही. तिला तेवढा वेळ नसायचा.

मग एका वैशाखात चोक्कलिंगम चेट्टियारांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. चेट्टियारांचं कापडाचं मोठं दुकान, गावात शब्दाला वजन. पंगत अय्यरांनी द्यायची. अय्यरांच्या हातून एवढं मोठं काम पहिल्यांदाच होत होतं. मलाही मंगल कार्यालयात नेलं. मांडवाच्या कोपऱ्यात, भटारखान्याच्या तोंडाशी मला बसवलं.

इडल्या, पोंगल, वडे, नारळाची चटणी, शेवयांचं पायसम. सगळं सकाळच्या न्याहारीसाठी. चटणी पहाटेच वाटून ठेवलेली. पण मुलाकडच्यांची बस वाटेत बिघडली. ऊन चढलं. भटारखान्यात उभं राहवेना. माझंच पितळ बाहेरून तापलं होतं, तर चटणीच्या त्या पातेल्याचं काय विचारता!

अय्यरांची बायको अलमेलू. तिनं झाकण काढलं, वास घेतला आणि नवऱ्याला बाजूला ओढलं.

"अहो, चटणी विटलीय. टाकून द्या. मी नवी वाटते."

"आता? माणसं पानावर बसायला निघालीत, अलमेलू!"

"बसू देत थोडा वेळ."

"चेट्टियार काय म्हणतील? वरून कढीपत्त्याची फोडणी दे. काही कळत नाही कोणाला."

अलमेलूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कढई ठेवली. फोडणी चुर्र झाली, वास पसरला, आणि पानं वाढली गेली.

दिवस मावळायच्या आत तीसेक माणसं आडवी झाली. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. बाकीची सावरली, पण चेट्टियारांची म्हातारी आत्या, जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, ती इस्पितळात बोलेनाशी झाली. अय्यर फळं घेऊन धावले, संध्याकाळभर तिच्या खाटेशेजारी बसले. मी भांड्यांबरोबर हॉटेलात परत आलो होतो, आणि उरलंसुरलं अन्न केव्हाच नदीत गेलं होतं. तपासायला शीतही शिल्लक नव्हतं. उरली होती ती फक्त माणसांची तोंडं.

आणि दुसऱ्या सकाळी नळावर त्या तोंडांनी निकाल लावला. दूध नासकं होतं. पच्चैअम्माची तांबू गाय महिनाभर आजारी होती. तिचा गोठा गटाराला लागून. पायसम कशाचं होतं? दुधाचं! कोणी पहिल्यांदा म्हटलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण ऊन वर यायच्या आत पच्चैअम्माच्या दारावर शेणाचे गोळे बसले होते, आणि तीन घरांनी तिची चरवी उंबऱ्यावरूनच परत पाठवली होती.

ती आमच्या मागच्या दाराशी आली. रोजचीच चरवी, रोजचीच वेळ. आज फक्त पदर घट्ट खोचलेला.

"सामी, दूध."

अय्यर दाराशी गेले.

"आज नको, पच्चैअम्मा."

"उद्या?"

"बघू."

"सामी, तुमच्या लेकीला अंगावर पुरलं नाही, तेव्हा ती याच दुधावर वाढली. माझ्या दुधात काही होतं असं तुम्हाला वाटतं?"

अय्यर म्हणाले, "मला काम आहे." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं रावुत्तर पुढच्या दारानं आत आले. हातात पुडीची पिशवी होती, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"तुम्ही तिचं दूध परत पाठवलंत?"

"भाई, लोक काय बोलतायत ते ऐकलंत ना?"

"लोकांचं सोडा. मी तुम्हाला विचारतोय. दूध खराब होतं?"

"मला काय माहीत!"

"माहीत नाही तर दार का लावलंत? आज तिचं दूध. उद्या कोणाला पोटात दुखलं की माझी पूड. परवा काय, इडली ओल्या तांदळाची म्हणून शेतकऱ्याला धरायचं?" पिशवी तशीच काखेत मारून ते निघून गेले. जरा वेळानं भिंतीपलीकडचा पिंप थांबला. सकाळच्या वेळी तो थांबलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

अलमेलू स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. नवरा स्वतःहून काय करतो, याची ती वाट पाहत होती.

मग ते आले. नगरपालिकेचा निरीक्षक, त्याच्यामागून चेट्टियार, आणि त्यांच्यामागून निम्मी गल्ली. बाकावर कोणी बसलं नाही. दाराबाहेरच्या गर्दीत, खांबाला टेकून, पच्चैअम्माही उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. कोणी तिच्याजवळ उभं राहायला तयार नव्हतं.

"बाहेरून काय काय घेतलं होतं?" निरीक्षकानं विचारलं.

"तांदूळ, उडीद, नारळ. कॉफीची पूड रावुत्तरांची."

"आणि दूध?"

अय्यरांनी फडक्यानं गल्ला पुसायला घेतला. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

चेट्टियार पुढे सरकले. रात्रभराच्या जागरणानं त्यांचे डोळे लाल झाले होते. "अय्यर, माझी आत्या अजून डोळे उघडत नाही. व्याह्यांना काय तोंड दाखवू? मला एक नाव हवंय. तुमच्याशी माझं वैर नाही. सगळं गाव म्हणतंय दूध, तुम्ही नुसती मान हलवा. संध्याकाळी हॉटेल उघडा, आणि लग्नाची पंगतही तुमचीच. नाव सांगा, अय्यर!"

किती सोपं होतं ते! बोलायचंही नव्हतं. मान जराशी हलली असती, की संपलं. माझ्या खालच्या मजल्यात अर्काचा एक थेंब पडला, आणि त्या शांततेत तो मला ढोलासारखा ऐकू आला.

स्वयंपाकघराच्या दारात अलमेलू येऊन उभी राहिली. अय्यरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"दूध माझ्या चुलीवर उकळलं," अय्यर म्हणाले. आवाज इतका बारीक, की मागच्यांनी "काय? काय म्हणाले?" असं विचारलं. मग ते मोठ्यानं बोलले. "दुधात काही नव्हतं. चटणी होती. पहाटेची. उन्हानं विटली होती. माझी बायको म्हणाली टाका. मी म्हणालो, वर फोडणी घाल."



"म्हणजे तू," चेट्टियार म्हणाले. इतक्या वर्षांचं अहोजाहो एका क्षणात गळून पडलं. "तू काल माझ्या आत्याच्या खाटेशी बसला होतास. हे पोटात ठेवून बसला होतास?"

"हो."

चेट्टियारांचा हात वर गेला. आता मारणार, असं मला वाटलं. रावुत्तर कधी आत आले कोणाला कळलं नाही, पण ते दोघांच्या मधे उभे होते. त्यांनी हात धरला नाही. नुसते उभे राहिले. चेट्टियारांचा हात खाली आला, आणि ते मान खाली घालून निघून गेले. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नाही.

खांबाजवळची पच्चैअम्मा अय्यरांचं बोलणं ऐकून त्याआधीच गेली होती.

हॉटेलला नगरपालिकेचं कुलूप लागलं, आणि मी आतच राहिलो, अर्धवट अर्कासकट. अंधारात तो अर्क आंबला, त्यावर बुरशी धरली. माझ्याच पोटातला वास मला सहन होईना. आठवड्याभरानं रस्त्यावरच्या बोलण्यातून कळलं, की आत्या उठून बसली, पेज प्यायली. त्या दिवशी बंद दारापलीकडे मी अय्यरांचा रडण्याचा आवाज ऐकला. पायरीवर बसले असावेत.

दंड भरून पावसाळ्यात कुलूप निघालं. रावुत्तरांनी मला स्वतः चिंच आणि राखेनं घासलं. घासता घासता त्यांनी सांगितलं, की अय्यर गोठ्यात गेले होते. तिथं पच्चैअम्मा म्हणाली, "सामी, तुम्ही खरं बोललात, पण आधी दार लावलंत. मी दोन्ही लक्षात ठेवणार. दूध देईन. पण उष्टी पानं आता नकोत. माझ्या गाईंना पेंड लागेल, आणि तिचे पैसे तुम्ही द्यायचे." अय्यर 'बरं' म्हणाले. गल्लीतला तो पहिला करार.

उघडल्या दिवशी गिऱ्हाईक नाही. माणसं समोरून जायची, आत डोकावायची, पुढे चालू पडायची. मग रावुत्तर रस्त्याकडे तोंड करून पहिल्या बाकावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे पैसे देऊन कॉफी घेतली. सावकाश, फुंकर मारत, सगळ्यांना दिसेल अशी प्यायले. तरी कोणी येईना. दुपारी परगावचे दोन शेतकरी बसमधून उतरले, बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी इडली मागवली. अलमेलूनं चटणी त्यांच्यासमोर वाटली. तेव्हापासून स्वयंपाकघरात 'टाका' हा शब्द तिचा. त्यावर कोणी बोलायचं नाही.

आता अय्यर नाहीत, रावुत्तरही नाहीत. हॉटेल अय्यरांची लेक वेदवल्ली चालवते. माझा सांधा उकललाय, मी गळतो. म्हणूनच हे सारं बाहेर पडलं म्हणा. मला वरच्या फळीवर ठेवलंय, आणि मोडीत घालायचं बोलणं चाललंय. घाला. पितळेला वितळायची भीती नसते.

जाण्याआधी एवढंच सांगतो. कधीतरी तुमच्याही दारात चार माणसं येतील. त्यांना एक नाव हवं असेल, आणि शेजाऱ्याचं नाव तुमच्या जिभेवर तयार असेल. तेव्हा घाईनं मान हलवू नका. त्या दिवशी बाहेरच्यांना अय्यर ताठ उभे असलेले दिसले. गल्ल्यामागून मला त्यांचे गुडघे दिसत होते. लटलटत होते. लटलटले तरी चालतं.