नवऱ्याचा शर्ट

कापूस वेचताना हात ओरबाडू नये म्हणून आमच्या उंद्रीतल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. परवा मोबाईलवर बातम्या टाकणारा एक पत्रकार वावरात आला. मी बोंड फोडून त्याले आतली गुलाबी अळी दाखवली. म्हटलं, बीटी कापसाले अळी लागत नाही म्हणून कंपनीनं बियाणं विकलं, अन् हे पाहा. तो हो हो म्हणत माझेच फोटो काढत राह्यला. घामानं माझं कुंकू पुसलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘गेलेल्या धन्याचा शर्ट घालून राबते तानाबाई.’ माहेरचे लोक रडतच दारात आले. दार माझ्या नवऱ्यानंच उघडलं. त्याले पाहून माय मटकन खाली बसली.

मी पत्रकाराले फोन लावला. “जित्या माणसाले मारलं काऊन बे? काढ थे बातमी.”

“मावशी, सारा जिल्हा हळहळून राह्यला,” तो म्हणाला. “काका जिवंत आहेत म्हटलं, तर मग बातमी काय उरते?”

“अळी,” मी म्हटलं. “तुले अळी दाखवली होती मी.”

त्यानं फोन ठेवून देला.