पेट्रोलची सबब

त्या दिवसांत अलीगंजच्या कॉलनीत एकच विषय होता. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त मिसळतात, मग जुन्या गाड्यांचं काय होणार? कुणी म्हणे रबरी नळ्या सडतात, कुणी म्हणे इंजिनच बसतं. धनंजयची जुनी गाडी मात्र ठणठणीत होती.

एका शनिवारी वरच्या मजल्यावरच्या वीणाताईंनी त्याला जिन्यातच गाठलं. "धनंजय, उद्या पहाटे अमौसीच्या विमानतळावर नेशील का रे? बहीण येतेय. अंधारात मला गाडी चालवायची भीती वाटते."

रविवारची साखरझोप मोडणं त्याच्या जिवावर आलं. "नेलंच असतं हो ताई, पण गाडी स्टार्टच होत नाहीये. नवं पेट्रोल बाधलं बहुतेक."

"अगंबाई, तुझीसुद्धा?" वीणाताई हळहळल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑटोने गेल्या.

वेळ निभावली, विषय संपला, असं धनंजयला वाटलं. पुढच्या आठवड्यात बँकेतून परतताना त्याला वीणाताई फाटकाशी दिसल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, ई-रिक्षातून उतरताना चाललेली धडपड. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवणारी ही बाई!

"ताई, गाडी कुठंय?"

"दिली भंगारात. तुझ्या गाडीचं ऐकलं आणि धीरच सुटला. तू एवढी जपतोस, तरी ती बंद पडली. माझी भर रस्त्यात थांबली असती तर?"

पिशव्या वर नेऊन देण्याचंही धनंजयला सुचलं नाही.

घरी त्याने शर्मिष्ठाला सगळं सांगितलं. ती बायको असली तरी तिने त्याची बाजू घेतली नाही. "आता भंगारवाल्याकडे जा, आणि मग वर जा," एवढंच म्हणाली.

तो गेला. गाडी होती, पण तिचे दरवाजे निघाले होते, इंजिन बाहेर काढून ठेवलं होतं. "भाईसाहब, गाड़ी तो बढ़िया थी," भंगारवाला म्हणाला.

संध्याकाळी तो वर गेला आणि दारातच, मान खाली घालून बोलला. "ताई, माझी गाडी बंद पडलीच नव्हती. उठायचा कंटाळा आला होता. म्हणून पेट्रोलवर ढकललं."

वीणाताई म्हणाल्या, "जमणार नाही म्हणाला असतास, तर मी काय रागावणार होते?"

"चुकलंच माझं. यापुढे कुठंही जायचं असेल तर..."

"नको."

आतून त्यांच्या बहिणीने विचारलं, "कोण आलंय गं?"

"खालचे शेजारी आहेत. निघालेत," वीणाताई म्हणाल्या.

आजवर त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धनंजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीणाताईंनी दार आपटलं नाही, हळूच लोटलं. तो खाली आला आणि शर्मिष्ठाने वाढलेल्या पानासमोर नुसताच बसून राहिला.