कड्याखालची खूण

मोठीआईच्या लेकाला एक खोड होती आणि ती तिच्या डोक्यात जायची. त्याला काहीही विचारा, तोंड उघडण्याआधी त्याची नजर कमरेला लटकवलेल्या जीपीएसवर जायची. न्हाव्याचं दुकान कुठे हललं म्हणून विचारलं, तरी हा ती हाताएवढी डबी काढणार, आभाळाकडे धरणार आणि देवाचा कौल लागल्यासारखा थांबून राहणार. दुकान समोरच्या गल्लीत असायचं.

"लग्नात बायको बाजूला बसली होती म्हणून सापडली," मोठीआई सुनेला ऐकवायची. "नाहीतर तिलाही आभाळाला विचारून शोधली असती."

सून पदराआड हसायची. मोठीआईचा नवराही हसायचा, पण त्याचं हसणं लेकाच्या बाजूचं असायचं. बापलेक एकाच दगडखाणीत कामाला होते. बाप सुरुंगाचा जुना कारागीर. कड्यावर बोटांनी टकटक करून तो भोक कुठे पाडायचं ते ठरवायचा आणि तिथे खडूने फुली मारायचा. लेकाने त्या फुलीपाशी उभं राहून जीपीएसचं बटण दाबायचं, म्हणजे जागेची खूण डबीत जायची आणि तिथून कचेरीच्या नकाशावर. मोठीआईच्या मते हे काम म्हणजे बापाने केलेल्या कामाला बोट लावणं होतं. पण नवऱ्यासमोर ती तसं म्हणत नसे. त्याला पोराचं भारी कौतुक.

मग एका सकाळी कडा कोसळला.

बाप खाली नव्या भोकाची जागा दाखवत होता. लेकाने खूण घेतली, चहाची किटली आणायला तो वर निघाला, आणि चढावाच्या अर्ध्यावर असताना पाठीमागे धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा खाणीची ती अख्खी बाजू नाहीशी झाली होती. खाली बाप एकटाच होता.

मोठीआई खाणीत आली ती चप्पल न घालता. रडली नाही. "कुठे आहेत हे?" एवढंच विचारलं. मुकादमाने मान खाली घातली.

"मोठीआई, तुमच्यापासून काय लपवायचं," तो म्हणाला. "ढिगारा शाळेच्या पटांगणाएवढा आहे. पंपांचे पाइप दगडाखाली चेपलेत, तळातून पाणी वर चढतंय. पोकलेन एकच. एका जागी खणता येईल, फार तर दोन. पण जागा कोण सांगणार?"

तेव्हा लेक पुढे आला. चेहरा धुळीने पांढरा, हातात डबी. "जागा माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "बाबांच्या पायाजवळ खूण घेतली होती मी. चार मीटरच्या आत."

मोठीआईने त्या डबीकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. ओरखडे पडलेली काच, कडेला चिकटपट्टी, एवढुसा उजळ चौकोन. तिने आपल्या पदराने तिच्यावरची धूळ पुसली. "बघ, नीट बघून घे," ती सुनेला म्हणाली, "एवढ्या सगळ्यांत एकाला तरी माहीत आहे." आणि बाकीच्या बायकांकडे मान ताठ करून पाहिलं.

पोकलेन तिथे लागलं. मोठीआई उलट्या घमेल्यावर बसून राहिली. यंत्राच्या प्रत्येक बादलीबरोबर ती अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. कोणी पाणी दिलं, तर तिने ते बाजूला ठेवलं. "यांना आधी," म्हणाली.

खणता खणता तळ लागला. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं. तळावर ट्रकच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या.

"ही तर ट्रकची वाट," मुकादम म्हणाला. "इथे सुरुंगवाला कशाला उभा राहील?"

कचेरीतला मोजणीसाहेब धावत खाली उतरला. आधी त्याने लेकाची डबी उघड्यावरच्या, जागा पक्की मोजलेल्या सिमेंटच्या खुणेवर ठेवली. आकडा बरोबर आला. मग डबी घेऊन ट्रकच्या वाटेने तो उरलेल्या कड्यापाशी गेला आणि कड्याला पाठ लावून उभा राहिला. काचेवरच्या सिग्नलच्या पट्ट्या एकेक करून विझल्या, बाण दारुड्यासारखा भरकटला आणि मग थांबला. थांबला तो ट्रकच्या वाटेवर.

"खूण घेताना पट्ट्या बघितल्या होत्यास?" त्याने विचारलं.

लेक डबीची काच अंगठ्याने पुसू लागला.

"कड्याने निम्मं आभाळ झाकलं होतं. हिला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. जे दिसले त्यांचा सिग्नल दगडावर आपटून, लांबचा वळसा घेऊन आला. मग तोही तुटला. तुटला की ही गप्प बसत नाही, शेवटची जी जागा माहीत असते तीच दाखवत राहते. तू वाटेवरून येत होतास, ती."

"आणि ते चार मीटर?" मोठीआईने विचारलं.

"तो तिचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो, आई."

"स्वतःबद्दल चांगलं बोलणारं आमच्या घरात आणखी एक हवंच होतं," मोठीआई म्हणाली. कुणी हसलं नाही. तीही नाही.

मुकादमाने लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, डबी राहू दे. तू होतास ना तिथे? डोळ्यांनी दाखव. बाबांच्या पाठीमागे काय होतं?"

"कडा."

"अरे, कडा सगळीकडेच होता. मागे दगडात तांबडी शीर होती का? की पाझर? ओल लागत होती पायाला?"

लेक ढिगाऱ्याच्या कडेने चालला. हात उचलून एक जागा दाखवली. मग चार पावलं पुढे गेला आणि दुसरी दाखवली. मग पुन्हा पहिलीकडे वळला, तर ती त्याला सापडेना. त्याचा हात हवेतच राहिला. मोठीआई घमेल्यावरून पुरती उठली ती तेव्हा. यंत्र चुकतं हे ती आधीपासून धरूनच चालली होती. पोरालाच जागा सांगता येत नाही, हे मात्र तिला नवं होतं.

मुकादमाने अंदाजाने तांबड्या शिरेच्या बाजूला पोकलेन लावलं. एक फुटका डबा निघाला, तो कुणाचाही असता. पाणी यंत्राच्या चाकांवरच्या साखळ्यांना लागलं. ड्रायव्हरने एकदा मोठीआईकडे पाहिलं आणि यंत्र मागे घेतलं. मुकादमाने हेल्मेट काढून हातात धरलं. पाणी मात्र थांबलं नाही, त्याने एकेक दगड गिळला. आता तिथे हिरवं, शांत तळं आहे. कचेरीने भोवती तार ओढली आहे.

लेक कामाला जात नाही. दिवसभर अंगणात मोकळ्या आभाळाखाली डबी तळहातावर धरून बसतो. सून ताट वाढून हाक मारते आणि ते झाकून ठेवते. एके दुपारी तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. मोठीआई नवऱ्याची खडूने पांढरी झालेली टोपी मांडीवर घेऊन बसली होती. ती तिने अजून धुतली नव्हती.

"आई, ऐक ना," तो घाईने म्हणाला. "सिग्नल कड्यावरून किती वळसा घालून आला असेल ते काढता येईल. कुठे उभं राहिल्यावर डबी वाटेवरची जागा दाखवते ते उलटं मोजत गेलं, की बाबांची जागा सापडेल. मी बसवतोय सगळं. थोडंच राहिलंय."

मोठीआईने टोपी बाजूला ठेवली. "खूण घेतलीस तेव्हा हे काय म्हणाले तुला?"

"म्हणाले..." तो अडखळला. "म्हणाले, 'मी इथे उभा आहे, दिसतोय ना नीट?'"

"मग तू?"

"मी म्हणालो, हो बाबा, घेतलं."

"डबीवरून वर बघून म्हणालास?"

सवयीने लेकाची नजर हातातल्या डबीकडे गेली. मोठीआईने ती पाहिली.

"बस तिथे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "डबीला मी काही बोलणार नाही. ती कड्याखाली आंधळी झाली. तुझे डोळे धडधाकट होते. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बापाने विचारलं, दिसतोय का, आणि तू न बघता हो म्हणालास. म्हणून हे त्या पाण्यात आहेत आणि कुठे आहेत ते आता कुणालाच कळायचं नाही. आभाळाला नाही, मला नाही. जेवायला वेळेवर येत जा, ती पोरगी ताट झाकून झाकून थकलीय. पण ह्यांची जागा सापडली म्हणून माझ्या दारात परत येऊ नकोस. तुला ती माहीत होती, तेव्हा तू बघितली नाहीस."