हन्नाची साक्ष

घोडेगावच्या पेठेमागच्या आळीत भालेरावांचं घर होतं. सकाळी स्टोव्ह पेटायच्या आधी तिथे प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थना झाली की हन्नाच्या मांडीत सुई.

आठ वर्षांची असताना हन्ना सारखी पाणी मागू लागली. खात होती तरी वाळत चालली होती. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखरेचा आजार आहे, जन्मभराचा. इन्सुलिन रोज टोचायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. हन्नाची आई सुवार्ता तेव्हा बालवाडीत शिकवत होती. तिने ती नोकरी सोडली आणि घरी बसली. नर्सबाईंनी तिला संत्र्यात सुई खुपसून हात बसवायला शिकवलं, पण लेकीच्या मांडीत सुई टोचायला ती इतकी कचरली की हन्नाच म्हणाली, "आई, आधी प्रार्थना कर, मग टोच."

तेव्हापासून तसंच चालत आलं होतं. डोळे मिटायचे, प्रभूला म्हणायचं की या औषधाला यश दे, आणि टोचायचं. देवाचं आणि औषधाचं काही वाकडं असतं हे सुवार्ताच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिचे वडील जुन्नरच्या चर्चमध्ये उपासनेची घंटा वाजवायचे, आणि घंटा वाजवून दम लागला की खिशातली दम्याची गोळीही घ्यायचे.

घरात फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली पेठेतले किराणा दुकानदार फतेचंदशेठ यांच्या घरी ठेवलेली असे. शेठाणी गुलाबबाई म्हणजे कांदाही न शिवणारी बाई. सुवार्ताने तिला बाटली देतानाच खरं ते सांगून टाकलं, "भाभी, हे औषध जनावरापासून काढतात. तुम्हाला चालणार नसेल तर राहू द्या, मी माठात ठेवेन."

गुलाबबाईने बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "पोरीचा जीव हाय ना त्यात? वरच्या कप्प्यात ठीव. आमी तो कप्पा न्हाई वापरणार."

सुवार्ताचा नवरा याकोब वीज मंडळात वायरमन होता. कामाला वाघ, पण दारूने पोखरलेला. हन्नाच्या बाप्तिस्म्यालाही तो पिऊनच आला होता. धाकटा अनुग्रह झाला तेव्हा तर दोन दिवस घरी फिरकला नाही. एका उन्हाळ्यात शॉक लागून तो खांबावरून खाली पडला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा झाला. हा हात आता हलायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग कुणाच्या तरी ओळखीने नारायणगावचे पास्टर शांतवन त्यांच्या मंडळीतली, म्हणजे त्यांच्या चर्चमधली, माणसं घेऊन घरी येऊ लागले. तासन्‌तास गुडघे टेकून त्यांनी याकोबसाठी प्रार्थना केली. हात हळूहळू हलू लागला, आणि याकोबने दारू सोडली ती कायमची.

सुवार्ताला पास्टरांचे उपकार कुठे ठेवू असं झालं. संध्याकाळी नवरा शुद्धीत घरी येतो, लेकराला मांडीवर घेतो, हे सुख तिने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं होतं. दर शुक्रवारी तिच्याच घरी प्रार्थनासभा भरू लागली. माणसं दारापर्यंत बसायची. सुवार्ता आत चहा उकळायची, पोहे परतायची आणि बाहेरच्या गाण्यात आपलाही आवाज मिसळायची.

अशाच एका शुक्रवारी पास्टरांनी हन्नाच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना केली आणि मोठ्याने म्हणाले, "ही मुलगी बरी झाली आहे. आता शंका घेऊ नका. शंका घेतली तर आलेला आशीर्वाद माघारी जाईल."

सभा संपल्यावर याकोबने फळीवरचा सुयांचा डबा उचलला आणि बाहेर उकिरड्यावर नेऊन टाकला.

"अहो, हे काय करताय? डॉक्टर म्हणालेत, एक दिवसही..."

"डॉक्टर माझ्या हाताला बी म्हणाले व्हते, हलणार न्हाई म्हणून." याकोबने उजवा हात तिच्या तोंडासमोर उघडून मिटून दाखवला. "हलतोय का न्हाई?"

सुवार्ता चहाचे उष्टे कप गोळा करू लागली.

पण सुई काही तिने बंद केली नाही. नव्या सुया आणून तिने गुलाबबाईकडेच ठेवल्या. सकाळी याकोब कामावर निघाला की ती हन्नाला घेऊन दुकानामागच्या खोलीत जायची. साखरेच्या आणि डाळीच्या गोण्यांमध्ये हन्ना फ्रॉक वर करून बसायची. गुलाबबाई दाराशी उभी राहायची. प्रार्थना आता मनातल्या मनात व्हायची. हन्ना आधीसारखी बोलायची नाही. एकदा तिने विचारलं, "आई, आपण पप्पांना फसवतोय ना?"

"तुझ्या भल्यासाठी गं."

"मग देवाला बी?"

"देवाला सगळं माहीत असतं," सुवार्ता म्हणाली आणि तिने घाईघाईने फ्रॉक खाली ओढला.

साधारण दोन महिने असे गेले. हन्ना ठणठणीत दिसत होती आणि याकोब जाईल तिथे तिची गोष्ट सांगत होता. नारायणगावला मोठी सभा होती, मंडप घातला होता, आंबेगाव-जुन्नरच्या गावागावांतून माणसं आली होती. पास्टरांनी हन्नाला पुढे बोलावून बरी झाल्याची साक्ष द्यायला सांगितली. अकरा वर्षांची पोर माइकसमोर उभी राहिली. सुवार्ता बायकांच्या बाजूला बसली होती. 

हन्नाने आधी पप्पांकडे बघितलं. याकोब हात जोडून उभा होता, गालांवरून पाणी वाहत होतं. हन्ना म्हणाली, "मला साखरेचा आजार होता. प्रभूने मला बरं केलं. आता मी औषध घेत नाही."

सगळा मंडप हाल्लेलुयाने दणाणला.

दुसऱ्या दिवशी गोण्यांमध्ये बसल्यावर हन्नाने फ्रॉक घट्ट धरून ठेवला.

"मी न्हाई घेणार."

"हन्ना, उशीर होतोय शाळेला."

"आई, मी एवढ्या लोकांसमोर सांगितलंय. आता सुई घेतली तर मी खोटं बोलले असं व्हईल. देवाच्या नावानं खोटं." तिचा आवाज रडवेला झाला. "न्हाई घेतली तर खरं व्हईल ना?"

सुवार्ताने समजावलं, दटावलं, शेवटी तिचे हात धरून बळजबरी केली. हन्नाने एवढा हिसडा दिला की सुई वाकली. गुलाबबाई मध्ये पडली, "अगं, जरा शांत व्हऊ दे तिला. पप्पांनी सांगितलं तर ऐकंल ती. तू भावजींशी बोल."

त्या संध्याकाळी सुवार्ता याकोबशी बोलली. गोण्यांमधल्या सुयांचं सगळं सांगितलं. तो ओरडेल, हात उगारेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हंजी ती बरी झालीच न्हवती?"

"अहो, औषधाने बरी होती ती. तुम्ही सांगितलं तर घेईल. फक्त एकदा सांगा तिला."

"मी सांगू? सुवार्ता, माझ्यात काय हाय दुसरं? ह्या एका विश्वासावर मी गुत्त्याच्या दारावरनं रोज सरळ घरी येतो. तो गेला तर मी परत तिथंच जाणार. तुला चालंल?" मग तो तिच्या पायांपाशी सरकला. "थोडं थांब. आता खरा उपास करतो मी. देव खोटं पडू देणार न्हाई."

सुवार्ता थांबली. पुढे आयुष्यभर ती स्वतःला हेच विचारत राहिली की आपण का थांबलो. दारुड्या नवऱ्याची वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती, हे खरं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिलाही वाटत होतं की कदाचित होईल, लुळा हात हलला तसं हेही होईल.

हन्ना आधी तहानली. तांब्यामागून तांबे पाणी प्यायली. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागलं. याकोबने निरोप धाडला आणि दुपारी पास्टर मंडळी घेऊन आले. हन्नाला मधोमध सतरंजीवर निजवलं होतं. सगळे तिच्याभोवती गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करू लागले. नेहमीच्या सवयीने सुवार्ता आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागली.

तेवढ्यात प्रार्थना क्षणभर थांबली आणि तिला लेकीचा श्वास ऐकू आला. खोल, लांब, घाट चढणाऱ्या माणसासारखा. ती बाहेर येऊन हन्नाजवळ वाकली. पोरीच्या तोंडाला नासलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरांनी कधीतरी याच वासाबद्दल तिला बजावलं होतं.

तिने हन्नाला उचललं. अकरा वर्षांची पोर, पण हाताला काही लागतच नव्हतं.

"बाई, आता उठू नका," पास्टर म्हणाले. "हीच परीक्षेची वेळ आहे."

याकोब दारात उभा होता. त्याने चौकटीला हात लावला.

"सरका," सुवार्ता म्हणाली.

"अगं, थोडंच राहिलंय..."

"याकोब, सरक!"

लग्नानंतर तिने नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. त्याचा हात आपोआप खाली आला. ती अनवाणी पेठेत धावली. गुलाबबाईने तिला लांबूनच बघितलं आणि आपल्या मुलाला, प्रितमला, हाक मारली. त्याने दुकानाचा टेम्पो काढला. मंचरपर्यंत गुलाबबाई हन्नाचे पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं, सगळं केलं. हन्ना शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर सुवार्ताला ओळखत होते. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तीन वर्षं तुम्ही कधी चुकला नव्हतात, बाई."

हन्नाला जुन्नरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, आजोबांच्या शेजारी पुरलं. म्हातारे पाळकसाहेब वाचन करताना मध्येच थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचू लागले. नारायणगावची मंडळीही आली होती. माती देऊन झाल्यावर पास्टर शांतवन जवळ आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, रडून आवाज बसलेला होता. तरी ते म्हणाले, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला, बाई. सुया चालू होत्या असं कळलं."

सुवार्ताने त्यांच्याकडे बघितलं. "सुया चालू होत्या तोवर ती जिवंत होती," ती म्हणाली. "शुक्रवारी आता माझ्या घरी येऊ नका."

याकोब शेजारीच उभा होता. 

लोकांना वाटलं, आता हा पुन्हा दारूला लागणार. तो लागला नाही. आणि त्याने ती मंडळीही सोडली नाही. दर शुक्रवारी कामावरून तो परस्पर नारायणगावला जातो, मागच्या ओळीत बसतो, रात्रीच्या एसटीने परत येतो. सुवार्ताच्या भावाने त्याला एकदा खडसावून विचारलं, "अजून कसं जाववतं तुम्हाला तिथं?"  "सोडलं तर मग पोरीला मीच मारली असं व्हईल," याकोब म्हणाला. 

सुवार्ता त्याला जेवायला वाढते. त्याचे कपडे धुते. अनुग्रहला साधा ताप आला तरी उचलून दवाखान्यात नेते. तेव्हा याकोब सायकल घेऊन मागून येतो आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहतो. ती बाहेर आली की विचारतो, "काय म्हणाले?" ती सांगते. दिवसभरात त्या दोघांचं एवढंच बोलणं होतं.

देवाला तिने सोडलं नाही. सोडून जायचं कुठे, हेही तिला ठाऊक नव्हतं. दर रविवारी ती अनुग्रहला घेऊन जुन्नरच्या उपासनेला जाते. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात तेव्हा तीही म्हणते. फक्त दुसऱ्यांना क्षमा केल्याचं वाक्य आलं की तिचे ओठ मिटतात. आधी याकोबचा चेहरा समोर येतो, मग पास्टरांचा, आणि शेवटी स्टोव्हवर आधण ठेवणारी ती स्वतः. तेवढं वाक्य पुढे जाऊ देऊन ती पुन्हा सगळ्यांच्या आवाजात मिसळते.